तपासणी



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक कागद लागला. 'साठ वर्षांवरील नागरिकांसाठी मोफत आरोग्य तपासणी. रविवारी सकाळी ९ ते १. रक्तदाब, साखर, डोळे, तोंड. महिलांसाठी महिला डॉक्टर. येताना आधार कार्ड आणावे.' आमचा संध्याकाळचा कट्टा या फळ्यासमोरच भरतो. आम्ही सहा जण. वयांची बेरीज केली तर साडेचारशेच्या घरात जाते! साहजिकच त्या दिवशी चर्चेला दुसरा विषय नव्हता.

पहिले म्हणाले, "मला काही होत नाहीये, मग कशाला जायचं?" दुसरे म्हणाले, "एकदा डॉक्टरच्या तावडीत सापडलं की सुटका नाही. आज साखर, उद्या हृदय, परवा गुडघे." तिसऱ्यांना 'मोफत' या शब्दातच काहीतरी गोम दिसत होती. चौथे जरा गंभीर होऊन म्हणाले, "या वयात कळून तरी काय करायचं?" पाचवे आमच्यातले विनोदी. ते म्हणाले, "पंचाहत्तर वर्षांची गाडी गॅरेजमध्ये नेली तर परत देणार नाहीत, भंगारात काढतील." सगळे हसले. सहावा मी. मी म्हणालो, "रविवारी मला जरा बाहेर जायचं आहे."

ही चक्क थाप होती. मला कुठेही जायचं नव्हतं.

घरी आल्यावर मला माझीच गंमत वाटली, आणि थोडी लाजही. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. शाळेत डॉक्टर यायचे तेव्हा शे-दीडशे पोरांना रांगेत उभं करून 'आ कर', 'जीभ दाखव' म्हणायला मीच पुढे असायचो. पळून संडासात लपलेल्यांना शोधून आणायचं कामही माझंच. आणि आता माझी पाळी आली तर मी थाप मारून लपलो! इतिहासाच्या मास्तराची एक खोड असते. स्वतःच्या वागण्याचं कारणसुद्धा तो शंभर वर्षं मागे जाऊन शोधतो. तसा मीही गेलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो. पाल्हाळ झालं तर जुनी सवय म्हणून माफ करा.

'तपासणी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आजीच्या तोंडून. तिच्या लेखी तो चांगला शब्द नव्हता. तिच्या वडिलांनी प्लेग पाहिला होता. ती सांगायची, स्टेशनवर उतरलं की माणसांना ओळीने उभं करायचे, काखेत न् जांघेत हात घालून गाठ आहे का बघायचे. बायकांनाही सोडायचे नाहीत. घरात कुणाला ताप आला तर त्याला धान्याच्या कणगीमागे लपवायचे. कारण एकदा नेलेला माणूस परत यायचा नाही, अशी लोकांची खात्रीच झाली होती.

आजीच्या गोष्टीत तिखटमीठ असेल असं मला लहानपणी वाटायचं. पुढे बी.ए.ला इतिहास वाचला तेव्हा कळलं की तिने फारसं काही वाढवून सांगितलं नव्हतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस मारलाच जातो अशी वदंता होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि प्रवाशांना थांबवण्याचे, घरांत शिरून झडती घेण्याचे, माणसांना वेगळं काढून ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. देवघर, माजघर, काही पाहिलं नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. मीही तीस-पस्तीस वर्षं तेच शिकवलं. पुढच्या वर्षी, मार्च १८९८ मध्ये, मुंबईत विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली.

यात एक मोठी विसंगती आहे, ती मात्र मी वर्गात कधी नीट सांगितली नाही. सरकारचं म्हणणं सगळं चुकीचं नव्हतं! साथ खरी होती. माणसं हजारांनी मरत होती. रोगी लवकर सापडणं गरजेचंच होतं. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे विज्ञानही हजर होतं. फक्त ते लोकांच्या दारात आलं ते बूट घालून, बंदूक घेऊन. त्यामुळे लोकांच्या मनात रोगापेक्षा तपासणीचीच भीती जास्त बसली.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, दुसरी एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडून गेल्या होत्या. म्हणजे आजच्या भाषेत ज्येष्ठ नागरिक. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने शहराबाहेर हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सोल्जरलाही रोगी दवाखान्यात न्यायचा होता आणि सावित्रीबाईंनाही. पण एकाला बघून लोक कणगीमागे लपत होते आणि दुसरीच्या पाठीवर बसत होते. हा फरक आज मला फार मोठा वाटतो. मी शिकवायचो तेव्हा तो मला एका ओळीचा वाटत होता.

आता ऐंशी वर्षं पुढे येऊ. 'तपासणी' या शब्दाला प्लेगने जे केलं तेच 'शिबीर' या शब्दाला आणीबाणीने केलं. माझं गाव बार्शीच्या बाजूचं. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत नसबंदीची जी मोहीम झाली तिच्यात रस्त्यावरून माणसं पकडून ट्रकमध्ये घालून नेली गेली. मी तेव्हा पंचविशीतला नवा मास्तर. आम्हा शिक्षकांच्या मागेही 'केसेस आणा' म्हणून लकडा होताच. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसं यायची बंद झाली होती. एखादी सरकारी जीप फुफाट्यातून येताना दिसली की तरणी माणसं उसात पळायची. त्या वर्षात मी एका म्हाताऱ्याला, "तात्या, डोळ्यांचं शिबीर आहे, मोतीबिंदू बघतात, चला," असं म्हणालो होतो. तो माझ्याकडे बघून हात जोडत म्हणाला, "मास्तर, म्या तुमचं काय वाईट केलंय?" तो पुढे आंधळाच मेला. योगायोग असा की देशाचा अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेही वर्ष १९७६ च! एका हाताने डोळे द्यायला निघालेल्या सरकारवर लोकांचा विश्वास का नव्हता, हे त्या जोडलेल्या हातांना विचारावं.

तर सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं 'नको' हे निव्वळ अडाणीपणाचं नाही. त्याच्यामागे इतिहास आहे. पण इतिहास तिथेच थांबला असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. तो पुढे गेला, आणि गेला तोही आमच्या बार्शीतूनच.

बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मदतीने ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं. तोवर देशात कॅन्सरची मोजदाद व्हायची ती शहरांत, रुग्णालयांच्या दप्तरांवरून. खेड्यातला माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता, तर नोंद कसली होणार? म्हणून इथे उलटं केलं. कार्यकर्ते गावोगाव हिंडू लागले. सरपंच, मास्तर, सुईण, जाणती माणसं यांना भेटायचे. चार माणसं गोळा करून लक्षणं सांगायचे: छातीत गाठ, तोंडात न भरणारी जखम, पाळी गेल्यावरही अंगावरून जाणारं रक्त. असं कुणाला असेल तर बार्शीला या, म्हणायचे. आणि पुन्हा यायचे. हे 'पुन्हा येणं' फार महत्त्वाचं. सोल्जर पुन्हा आला की लोक घाबरायचे. ही माणसं पुन्हा आली की कुणीतरी चहा टाकायचं.

खरं तर हे काम मोजणीचं होतं. पण चारपाच वर्षांतच असं दिसलं की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या (या भागातल्या बायकांत तेव्हा तोच सगळ्यांत जास्त होता) ज्या बायका रुग्णालयात येत होत्या त्या आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. कुठलं नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. घरी जाऊन बोलणं, एवढंच.

आता माझी गोष्ट सांगायची वेळ आली. ती टाळत टाळतच इथवर आलो आहे.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालणारी तीच. तिला दिलेल्या गावाच्या शाळेतच १९८९ साली मी होतो. जानेवारीत आमच्या शाळेच्या पटांगणात अशीच एक बैठक झाली. मास्तर म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी चाराचे चारशे बोललो! रोग लपवू नका, लाजू नका, तुमच्या आयाबहिणींना घेऊन जा... टाळ्याही पडल्या. बायका मागे भिंतीला लागून बसल्या होत्या. आक्का त्यांच्यातच होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

त्याच्या महिनाभर आधी आमच्या सौभाग्यवतींनी मला सांगितलं होतं, "आक्कांच्या अंगावरून जातंय म्हणे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली तरी." मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "मग तू बोल तिच्याशी. मी काय बोलणार त्यातलं?" आणि पान उलटलं. सौ. बोलली. आक्का म्हणाली, "असलं काय चार माणसांत दाखवायचं असतंय का? ज्वारीची काढणी तोंडावर आलीय. सुगी होऊ दे, मग बघू." सुगी झाली. मग उन्हाळ्यात लग्नसराई आली. मग पेरणी आली. रुग्णालय बसने तासाभराच्या वाटेवर होतं. पटांगणात शंभर माणसांपुढे बोलणाऱ्या मला, चुलीपुढे बसलेल्या एका माणसाला "आक्का, ऊठ, मी येतो तुझ्याबरोबर" एवढं म्हणता आलं नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये तिला कंबरेतून उठवेना तेव्हा नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "वर्ष-दीड वर्ष आधी आणलं असतं तर बरं झालं असतं." १९९१ च्या आषाढात ती गेली. पन्नास वर्षांची होती.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. घरातल्या मुलांनाही आत्या कॅन्सरने गेली एवढंच माहीत आहे. असो.

आक्का गेल्यावर आठ वर्षांनी, १९९९ मध्ये, आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून त्याचं नाव धाराशिव आहे) एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन अशा सगळ्यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एका प्रकारची तपासणी, काहींत दुसऱ्या, काहींत तिसऱ्या आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. निकाल २००९ मध्ये छापून आला. ज्या गटात विषाणूची (एचपीव्हीची) तपासणी झाली तिथे या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. जिथे तपासणी झाली नव्हती तिथे ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच संख्येचे, तीस-चौतीस हजारांचे. म्हणजे आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! जगभर गाजलेला हा निकाल आमच्या काळ्या मातीतल्या, नऊवारी नेसणाऱ्या बायकांच्या जिवावर उभा आहे.

मुंबईतला अभ्यास त्याच्याही आधी, १९९८ मध्ये सुरू झाला होता. टाटा रुग्णालयाचा. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका. इथे तपासणारे डॉक्टर नव्हतेच. दहावी झालेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या वस्तीतच तपासणी करायच्या: गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी बघायचं आणि स्तनांची हाताने तपासणी करायची. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. बोलावलेल्या १०० पैकी ८९ बायका तपासणीला आल्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांच्या तपासणीचा वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुण बायकांत मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. पण ५० वर्षं आणि त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्राने नव्हे, हाताने!

'या वयात कळून काय करायचं' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. इथे फायदा झाला तो पन्नाशीपुढच्यांनाच.

या अभ्यासांवर टीकाही झाली, तीही रास्त होती. ज्या गटांना तपासणी मिळाली नाही त्यातल्या बायकांचं काय? त्यांना माहिती आणि उपचाराची वाट दाखवली होती, हे खरं; पण तपासणी मिळाली असती तर त्यातल्या काही वाचल्या असत्या, हेही तितकंच खरं. म्हणून मला वाटतं, जे ज्ञान इतक्या किमतीला मिळालं ते आपण फळ्यावरचा कागद वाचून हसण्यावारी नेणं बरं नाही.

आता पुरुषमंडळींसाठी. (बायकांचे आजार म्हणून पान उलटू नका, मी ते एकदा केलं आहे.) केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचा असाच अभ्यास सुरू झाला. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंड बघायचे. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आमच्या पिढीत तंबाखू, मशेरी, विडी याला कोण व्यसन म्हणत होतं? चहासारखंच ते! सोडून वीस वर्षं झाली असतील तरी एकदा 'आ' करायला काय हरकत आहे?

एक सावधगिरीही सांगतो. सगळ्या तपासण्या सगळ्यांना कराव्यात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर या दोघांकडून एक पुस्तिका लिहून घेतली. तिच्यातली कसोटी सोपी आहे: रोग महत्त्वाचा हवा, तो लवकर कळण्याजोगा हवा, तपासणी लोकांना मानवणारी हवी, आणि मुख्य म्हणजे सापडल्यावर त्याच्यावर उपाय हवा. वर्तमानपत्रांत पाच हजारांत साठ-सत्तर चाचण्यांची जी पॅकेजं येतात त्यांना ही कसोटी लावून बघा. त्याउलट रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस अर्धं अंग लुळं करून जातो. मोजायला दोन मिनिटं, आणि गोळी सरकारी दवाखान्यातसुद्धा मिळते. साखरेचं तेच. मोतीबिंदूचं तेच. तीस वर्षांपुढच्या कुणाचाही रक्तदाब, साखर, तोंड, आणि बायकांचे वरचे दोन कॅन्सर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून, म्हणजे आता ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथून, विनामूल्य होते. सत्तरीपुढच्यांना पुढच्या रुग्णालयीन उपचारांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं विमाकवच, वय वंदना कार्ड, आहे. म्हणजे 'सापडलं तर खर्च कोण करणार' ही धास्तीही पूर्वीइतकी उरलेली नाही.

मग आपण जात का नाही? मला वाटतं, माहिती नाही म्हणून नव्हे. माहिती आक्कालाही होती, ती तर तिच्या सख्ख्या भावानेच भाषणातून दिली होती. आपण जात नाही कारण एकट्याने जायचं असतं. कुणी दारात येऊन "चला" म्हणत नाही, म्हणून. सव्वाशे वर्षांचा सगळा इतिहास मला एवढंच सांगतो. धाकाने लोक लपले, आकडे भरायला निघालेल्यांपासून पळाले, आणि ओळखीचं माणूस दारात आलं, पुन्हा पुन्हा आलं, तेव्हा शंभरातल्या एकोणनव्वद जणी आल्या.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून तयार झालो. सौ. म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला स्वयंपाक आहे." मी म्हणालो, "तू आल्याशिवाय मी जात नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांपूर्वीची ती पेपरची गोष्ट आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही, पण तिला ती आठवत असावी. काही न बोलता तिने गॅस बंद केला. जाताना मी कट्ट्यावरच्या पाचही जणांच्या बेल वाजवल्या. तिघे आले. विनोदी गृहस्थ पायजम्यावरच आले, म्हणाले, "चला, भंगाराचा भाव तरी कळेल." चौथे म्हणाले, पुढच्या वेळी. पाचव्यांनी दार उघडलं नाही. मी परत जाणार आहे.

सौ.चं सगळं ठीक निघालं. माझा रक्तदाब १७० वर १००! तिथल्या मुलीने दोनदा मोजला. तिसऱ्यांदा मोजताना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला काही त्रास होत नाही का?" मी म्हणालो, "नाही गं, मला काहीच होत नाही." आता रोज सकाळी एक गोळी घेतो. विनोदी गृहस्थांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, तेव्हा त्यांच्याबरोबर मी जाणार आहे.

त्याच संध्याकाळी मी बार्शीला आक्काच्या मुलीला फोन केला. तीही आता साठीला आली. सुनांची, नातवंडांची चौकशी झाली. मग मी विचारलं, "तू कधी तपासून घेतलंस का गं? आईचं माहीत आहे ना तुला..." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जायचं जायचं म्हणते मामा, पण कुणाबरोबर जाऊ? पोरांना कसं सांगायचं असलं?"

मी म्हणालो, "मी येतो."

गुरुवारची सकाळची गाडी आहे. सौ.ही येणार आहे, आत जाताना बरोबर बाई असलेली बरी म्हणून.

वाचकहो, हा लेख पुढे पाठवू नका, किंवा पाठवायचाच तर पाठवा, पण त्याने काम होत नाही हे मी अनुभवाने सांगतो. त्यापेक्षा आपल्या घरातल्या, शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा, कधी जायचं? आणि बरोबर जा. कोण कोण गेलात ते मला जरूर कळवा.